प्रकाशाला प्रतिसाद देणारे जेल: रेणू नंतर निवडा, आधी जाडी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉलि-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइडच्या, म्हणजे पीनायपॅम या लांब साखळीच्या रेणूच्या जाळ्यात, प्रकाशाने आकार बदलणारे अ‍ॅझोबेन्झीन जोडून २ मिलिमीटर जाडीचे जेलचे भिंग ओतले आहे. ते पाण्यात ठेवून त्यावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की फोकस बदलेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जेलचा रंग जरासा गडद होतो, चकती एका बाजूला कलते, कधी दुधाळ होते, पण फोकस काही हलत नाही. तेव्हा अ‍ॅझोबेन्झीन सोडून प्रकाशाने बदलणारे दुसरे रेणू, म्हणजे स्पायरोपायरान घ्यावे की डायअरिलइथीन?

माझे उत्तर: रेणू एवढ्यात बदलू नका. आधी जाडी बदला, आणि त्याहीआधी हे ठरवा की प्रकाशाने जेलमधले नेमके काय बदलायला हवे आहे. या विषयात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण रेणूपासून सुरुवात करतो, कारण शोधनिबंधांत रेणूच सगळ्यात देखणा दिसतो. मीही तशीच सुरुवात केली होती. जेल चालते ते मात्र पाण्याच्या वेगाने.

तुमचा रेणू आपले काम चोख करतो आहे. रंग गडद झाला हीच त्याची पावती. ट्रान्स रूपातला अ‍ॅझोबेन्झीनचा रेणू सरळ आणि सपाट असतो, टोकापासून टोकापर्यंत साधारण ९ अँगस्ट्रॉम. प्रकाश शोषला की तो मधून मुडपतो आणि सिस होतो. टोकांमधले अंतर ५.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. जेलच्या दृष्टीने लांबीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची. ट्रान्सचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूतला विद्युतभार दोन टोकांत किती विभागलेला आहे याचे माप, जवळपास शून्य असतो, सिसचा सुमारे ३ डिबाय. ट्रान्स पाण्यापासून अंग चोरतो, सिसला पाण्याचे तितके वावडे नसते. त्यामुळे सिस झालेली साखळी थोडे जास्त पाणी धरते आणि जेल फुगते. हे सिस रूप रसायनशास्त्रज्ञ हार्टली यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले, आणि तो पालट काही पिकोसेकंदांत होतो हे नंतर कळले. म्हणजे रेणूच्या पातळीवर वेग वाढवून मिळवण्यासारखे काही उरलेलेच नाही.

अडचण पुढे सुरू होते. ट्रान्स अ‍ॅझोबेन्झीन अतिनील प्रकाश फार जोरात शोषते. शोषणाच्या शिखरावर त्याचा मोलर शोषणांक सुमारे २२,००० असतो, प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. जेलमध्ये १० मिलिमोलर अ‍ॅझोबेन्झीन आहे असे धरा. ही काही फार मोठी मात्रा नव्हे. २२,००० गुणिले ०.०१, म्हणजे दर सेंटिमीटरला शोषकता २२०. शोषकता १ होते तिथे ९० टक्के प्रकाश संपलेला असतो, आणि ती खोली येते सेंटिमीटरचा २२० वा भाग, सुमारे ४५ मायक्रोमीटर. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. तुमच्या २ मिलिमीटरच्या चकतीत वरच्या सायीपुरताच प्रकाश पोहोचला आणि खालचा सगळा गोळा अंधारात राहिला. साय फुगते, गोळा फुगत नाही, म्हणून चकती कलते. दोन धातूंची जोडपट्टी तापवल्यावर वाकते तसेच हे वाकणे आहे, आणि भिंगाच्या आकाराची त्याने वाट लागते.

वरचा थर सिस झाला की तो ३६५ नॅनोमीटरला कमी शोषतो आणि प्रकाश हळूहळू खाली उतरतो, हे खरे. पण त्यावर विसंबू नका. मात्रा १ मिलिमोलरवर आणली तर खोली दसपट होते. शोषणाच्या शिखरापासून बाजूला सरकलेली तरंगलांबी घेतली तरी फायदा होतो. दोन्ही बाजूंनी प्रकाश टाकला तर वाकणे बरेच आटोक्यात येते. मात्र मात्रा कमी केली की फुगणेही कमी होते, त्यामुळे सगळा भार पुन्हा जाडीवरच येऊन पडतो.

आता पाण्याकडे वळू. जेल फुगते म्हणजे जाळे पाण्यातून वाट काढत पसरते आणि तेवढे पाणी आत शिरते. तानाका आणि फिलमोर या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवले की याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाळ्याचा सामूहिक विसरण गुणांक, म्हणजे जाळे पाण्यातून किती वेगाने पसरते याचे माप, साधारण १० चा उणे ७ वा घात, सेंटिमीटर वर्ग प्रति सेकंद, या पातळीचा असतो. यावरून काढले तर काचेला चिकटलेल्या, एकाच बाजूने पाणी घेणाऱ्या १ मिलिमीटर थराला काही तास लागतात, १०० मायक्रोमीटरला काही मिनिटे आणि १० मायक्रोमीटरला काही सेकंद. जाडी दहापट कमी केली की वेळ शंभरपट कमी होतो. या क्षेत्रात एवढी स्वस्तात मिळणारी सुधारणा दुसरी नाही, आणि तिला कोणताही नवा रेणू लागत नाही.

रासायनिक बाजू किती वेळ खाते तेही मोजून पाहा, म्हणजे खात्री पटेल. ३६५ नॅनोमीटरचा १० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रकाश म्हणजे दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३ गुणिले १० चा उणे ८ वा घात मोल फोटॉन. १०० मायक्रोमीटर जाड, १० मिलिमोलरच्या फिल्ममध्ये तेवढ्याच क्षेत्रात अ‍ॅझोबेन्झीन असते १० चा उणे ७ वा घात मोल. ट्रान्सपासून सिसचा क्वांटम यील्ड ०.१ धरला, म्हणजे दहा फोटॉनमागे एक रेणू पालटतो असे मानले, तर हिशेब अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो. शेवटचे रेणू पालटायला जास्त वेळ लागतो, शिवाय दिवा सगळीकडे सारखा पडत नाही. तरी एक-दोन मिनिटांत बहुतेक काम उरकते. पाणी मात्र अजून दारातच असते. दिव्याची शक्ती दुप्पट करून तुम्हाला फार काही मिळणार नाही, उलट नमुना तापेल.

भिंगाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण तुमची रचना इथेच मुळात अडते. फुगलेल्या जेलमध्ये बहुतांश पाणीच असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, कोरड्या पॉलिमरचा साधारण १.५. पॉलिमरचा वाटा २० टक्के असेल तर जेलचा अपवर्तनांक १.३७ च्या जवळ येतो. १० मिलिमीटर वक्रता त्रिज्येचे, एका बाजूने सपाट असे भिंग हवेत धरले तर त्याचे नाभीय अंतर सुमारे २७ मिलिमीटर. तेच भिंग पाण्यात बुडवले की सुमारे ४०० मिलिमीटर. पाण्यातले जेलचे भिंग प्रकाशाला जवळजवळ वाकवतच नाही. त्यात जेल फुगले की पॉलिमरचा वाटा आणखी घटतो आणि अपवर्तनांकातला उरलासुरला फरकही कमी होतो. फोकस हलला नाही असे तुम्ही लिहिता. माझा कयास असा की तो मुळात इतका सैल होता की हलला तरी पडद्यावर कळणार नाही. पाण्याने भरलेल्या चौकोनी भांड्यात भिंगाच्या मागे बारीक रेघांचा कागद धरा आणि भिंग आत-बाहेर करून बघा. रेघा जेमतेम हलल्या तर कारण सापडले.

यावर मला सगळ्यात आवडलेला तोडगा असा की जेलला भिंग करू नये, भिंगाचा स्नायू करावा. २००६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने असे सूक्ष्मभिंग दाखवले: भोवती जेलचे कडे, मध्ये पाणी, वर तेल, आणि पाणी-तेल यांच्या सीमेचा फुगवटा हेच भिंग. कडे फुगले की पाणी ढकलले जाते, सीमेची वक्रता बदलते आणि फोकस सरकतो. प्रकाश जेलमधून जातच नाही, त्यामुळे जेल रंगीत आहे, दुधाळ आहे की थोडे वेडेवाकडे फुगले आहे, याने प्रतिमा बिघडत नाही. त्या कामात जेल तापमानाला आणि आम्लतेला प्रतिसाद देणारे होते. कड्यात उष्णता तयार करणारे सोन्याचे नॅनोकण घातले की तीच कल्पना प्रकाशावर चालते. तुम्हाला बदलत्या फोकसचे भिंगच हवे असेल तर मी याच वाटेने जाईन.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर तो नीट मिटवू. प्रकाशाने जेल आकुंचन पावते हे तानाका यांच्या गटाने १९९० मध्ये दृश्य प्रकाशावर दाखवले, पण त्यात क्लोरोफिलिन हा रंग प्रकाश शोषून जाळ्याला आतून तापवत होता. पीनायपॅम ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी सोडून आक्रसते, म्हणून थोडीशी ऊब पुरते. ही प्रकाश-उष्णतेची वाट आहे. ती अगदी उपयोगी आहे, पण अ‍ॅझोबेन्झीनच्या वाटेपेक्षा वेगळी आहे. तुमच्या जेलमध्ये या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांच्या दिशा उलट आहेत: सिस रूप जेलला फुगवू पाहते, दिव्याची ऊब त्याला आक्रसवते. दोघांच्या ओढाताणीत नमुना जागच्या जागी राहिला तर नवल नाही. प्रकाश टाकल्यावर दुधाळपणा येतो आणि दिवा बंद केल्यावर काही मिनिटांत निवळतो, असे असेल तर तो ऊबेचाच आहे. सिस रूप इतक्या लवकर मागे फिरत नाही. साध्या अ‍ॅझोबेन्झीनच्या सिसला अंधारात, खोलीच्या तापमानाला अर्धे उरायला दिवस लागतात.

आमच्याकडे हे एकदा फार महागात पडले. एका नमुन्याचा प्रतिसाद इतका सुंदर होता की आम्ही कित्येक आठवडे त्याच्याच मागे होतो. अतिनील दिवा लावला की फिल्म आक्रसायची, बंद केला की परत यायची, प्रत्येक वेळी तशीच. मग कुणीतरी क्युवेटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडले. दिवा लावताच पाणी तीन अंशांनी वर जात होते आणि आम्ही नमुना ठेवला होता बरोबर ३१ अंशांवर. रंगाचा रेणू न घातलेले जेलही त्याच दिव्याखाली तसेच आक्रसले. तेव्हापासून माझ्या टेबलावर तीन तपासण्या झाल्याशिवाय कुठलाच आलेख पुढे जात नाही. पहिली, अंधारात नमुना तेवढाच तापवून पाहणे. दुसरी, रंगाशिवायचे जेल त्याच प्रकाशाखाली ठेवणे. तिसरी मला सगळ्यात निर्णायक वाटते: अतिनील प्रकाशानंतर तितक्याच शक्तीचा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकणे. रेणू काम करत असेल तर निळा प्रकाश जेलला उलट दिशेने नेतो. केवळ ऊब काम करत असेल तर दोन्ही रंग एकाच दिशेने ढकलतात.

दुधाळपणा दिवा न लावताही दिसत असेल तर दोष ओतण्यातला आहे. पीनायपॅमची बांधणी उष्णता सोडते. बांधणी सुरू करणारे अमोनियम परसल्फेट आणि तिला वेग देणारे टेमेड टाकून साचा टेबलावर तसाच ठेवला तर आतले तापमान ३२ च्या वर जाते, साखळ्या बांधल्या जातानाच गोळा होतात आणि जेल कायमचे पांढरे बसते. साचा बर्फाच्या पाण्यात ठेवा. आधी वीस-तीस मिनिटे नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा, नाहीतर वरचा थर चिकट राहतो. टेमेड पडल्यावर साचा अधूनमधून अगदी हलका तिरपा करून बघा: द्रव आधी सरळ ओघळतो, मग मधासारखा रेंगाळतो, मग कड थरथरते पण सरकत नाही. त्या क्षणी आरपार पाहिले तर मागची अक्षरे स्वच्छ दिसायला हवीत. तिथे धूसर दिसले तर तो नमुना पुढे कितीही धुतला तरी सुधारणार नाही, सरळ टाकून द्या. अ‍ॅझो गट साखळीच्या वाढत्या टोकाला, म्हणजे रॅडिकलला, थोडा अडवतो, म्हणून रंगीत मिश्रण साध्यापेक्षा उशिरा बसते. घाबरून परसल्फेट वाढवू नका. आणि प्रकाशाने सुरू होणारा आरंभक ३६५ नॅनोमीटरवर वापरायचा विचार असेल तर सोडून द्या, कारण तो सगळा प्रकाश अ‍ॅझोबेन्झीनच खाऊन टाकते. आडजोडणी करणारा बिसअ‍ॅक्रिलामाइड फार झाला तरी जाळे गाठीगाठींचे होऊन धूसर दिसते. अ‍ॅक्रिलामाइडच्या जातीचे मोनोमर, म्हणजे साखळी ज्यांची बनते ते सुटे रेणू, हातमोज्यांशिवाय हाताळू नका. अ‍ॅक्रिलामाइड चेतासंस्थेला घातक आहे.

अ‍ॅझोबेन्झीनचा मोनोमर पाण्यात विरघळत नाही, हे दुधाळपणाचे तिसरे कारण. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून ओता आणि नंतर पाणी पुन्हापुन्हा बदलत हा द्रावक धुऊन काढा. मात्रा दोन-तीन मोल टक्क्यांपलीकडे (दर शंभर मोनोमरमागे दोन-तीन) नेली की रंगाचे रेणू एकमेकांवर थप्पीने बसू लागतात. वर्णपटात शोषणाचे शिखर निळ्या बाजूला सरकले तर तेच झाले आहे असे समजा. थप्पीतला रेणू नीट पालटत नाही.

भिंगाचा हट्ट सोडायची तयारी असेल तर याच रसायनातून प्रकाशीय पदार्थ म्हणून खरोखर चांगली गोष्ट करता येते: रंग बदलणारे फोटॉनिक जेल. सारख्या आकाराचे, विद्युतभारित पॉलिस्टायरीनचे गोळे पाण्यात स्वतःहून स्फटिकासारखी रचना करतात. ती रचना जेलमध्ये कायम केली की जेल एका रंगाचा प्रकाश परत फेकते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या अ‍ॅशर यांच्या गटाने १९९७ मध्ये अशा फिल्म रासायनिक संवेदक म्हणून वापरल्या, आणि पुढे त्यांच्याच गटाने त्यांत अ‍ॅझोबेन्झीन जोडले. समोरून पाहिल्यावर परत येणारी तरंगलांबी म्हणजे अपवर्तनांक आणि थरांमधले अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. अंतर २०० नॅनोमीटर आणि अपवर्तनांक १.३५ असेल तर ५४० नॅनोमीटर, म्हणजे हिरवा. जेल प्रत्येक दिशेने १० टक्के फुगले की अंतर २२० होते आणि रंग ५९४ च्या जवळ, नारिंगीकडे जातो. भिंगाच्या बाबतीत जे फुगणे नकोसे होते, तेच इथे थेट वाचता येते. मोजायला फक्त वर्णपटमापक लागतो, आणि फिल्म काही दशक मायक्रोमीटर जाडीची चालते, म्हणजे प्रकाश खोलवर पोहोचतो आणि पाणीही मिनिटभरात ये-जा करते.

अशी फिल्म काचेला धरून ठेवायची तर काचेवर आधी मेथॅक्रिलेट गट असलेल्या सिलेनचा, म्हणजे काचेला धरणाऱ्या सिलिकॉन-संयुगाचा, थर द्या, म्हणजे जाळे काचेशी रासायनिक बंधांनी जोडले जाते. चिकटलेली फिल्म आडवी पसरू शकत नाही, सगळे फुगणे जाडीच्या दिशेने जाते. तेवढ्याच पाण्यात रंग जास्त सरकतो. मात्र फार फुगवली तर पृष्ठभागावर घड्या पडतात आणि तिथून प्रकाश विखुरतो.

आता रेणूचा प्रश्न. स्पायरोपायरान बंद रूपात रंगहीन आणि पाण्याला परके. अतिनील प्रकाशाने ते उघडते तेव्हा मेरोसायनिन होते, गडद रंगाचे आणि दोन्ही भार बाळगणारे. ध्रुवीयतेतला हा फरक अ‍ॅझोबेन्झीनपेक्षा खूप मोठा, म्हणून फुगण्या-आक्रसण्यासाठी ते आकर्षक वाटते. पण आम्लधर्मी पाण्यात त्याची चाल उलटते: अंधारात प्रोटॉन धरलेले उघडे रूप स्थिर असते आणि निळ्या प्रकाशाने ते मिटून जेल आक्रसते. परतीचा प्रवास अंधारात तासन्‌तास चालतो. शिवाय ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते थकते, शंभर फेऱ्यांचा विचार असेल तर मी ते घेणार नाही. रसायनशास्त्रज्ञ इरिए यांनी १९८८ मध्ये पुढे आणलेली डायअरिलइथीन याच्या अगदी उलट: हजारो फेऱ्या टिकते, अंधारात दोन्ही रूपे स्थिर, पण रेणूचा आकार आणि ध्रुवीयता फारशी बदलत नाही, त्यामुळे जेल जवळजवळ फुगतच नाही. रंग किंवा अपवर्तनांक लिहून ठेवायचा असेल तर ती उत्तम, ढकलायला निरुपयोगी. अ‍ॅझोबेन्झीनमध्येच राहून चारही ऑर्थो जागी, म्हणजे मधल्या नायट्रोजन-बंधाच्या शेजारी, फ्लोरिन घेतला तर हिरव्या आणि निळ्या प्रकाशावर काम होते आणि सिस रूप खोलीच्या तापमानाला सुमारे दोन वर्षांच्या अर्धायुकालाने टिकते. अतिनील प्रकाश टळतो, नमुना कमी तापतो. तुमच्या कामासाठी पुढचा रेणू निवडायचाच असेल तर माझे मत यालाच.

एक गोष्ट बहुतेक वेळा शेवटी लक्षात येते: वाचणाऱ्या प्रकाशाने लिहू नये, म्हणजे मोजण्याच्या प्रकाशाने रेणू पालटू नयेत. ५३२ नॅनोमीटरचा लेसर अ‍ॅझोबेन्झीन थोडासा का होईना शोषते आणि मोजता मोजता सिसला मागे ढकलते. ६३३ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर साध्या अ‍ॅझोबेन्झीनला त्रास देत नाही. फोटॉनिक फिल्मचा रंगही हिरव्यापासून लालापर्यंतच ठेवा, निळ्यात गेलात की रंगद्रव्याचे शोषण परावर्तनाला झाकते.

सध्या हाताशी असलेल्या मोनोमरमधूनच सुरुवात करा. सिलेन दिलेल्या काचांच्या मध्ये २०, १०० आणि ५०० मायक्रोमीटरचे स्पेसर (जाडी ठरवणाऱ्या पट्ट्या) ठेवून तीन फिल्म ओता. मात्रा १ मोल टक्का, साचा बर्फात. जाळ्याचे ट्रान्स आणि सिस रूपातले आक्रसण्याचे तापमान वेगवेगळे मोजा. सिसचे काही अंशांनी वर येईल. मग पाणी त्या दोन्हींच्या मधल्या तापमानावर ०.२ अंशांच्या आत धरून ठेवा, म्हणजे थोड्याशा पालटाने मोठे फुगणे मिळेल. या जागी जेल किंचित धूसर राहते, पारदर्शकता हवी असेल तर दोन अंश खाली यावे लागेल आणि फुगणे कमी मिळेल. तिन्ही फिल्मच्या जाडीचा बदल वेळेसमोर मांडा आणि वेळेला जाडीच्या वर्गाने भागून पुन्हा मांडा. तिन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर पाणी वेळ खाते आहे, आणखी पातळ करा. ५०० ची रेघ वेगळी पडली तर तिथे प्रकाश पोहोचत नाही, मात्रा कमी करा.